निरोगीच्या लेनमध्ये काहीच नाही

९ जानेवारी

शहाणे,

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चौथी लेन कोरी उमटली, त्या क्षणी माझं सगळं उलटंपालटं झालं. त्याच्या आधी मी तुझा कुकर होतो. त्याच्यानंतर चोर झालो. मधे श्वास घ्यायलाही फुरसत मिळाली नाही.

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. मुद्दाम नाही लिहिलं. फोनवर तू मला बंद केलंयस, मेल कुठल्या खड्ड्यात जातात कोण जाणे, तेव्हा हे पत्र नमुन्यांच्या खोक्यातून येतंय. थर्मोकोलच्या झाकणाला आतून चिकटवलंय. दर महिन्याला इथून तुझ्या नव्या लॅबला रुग्णांचे नमुने जातात, ते खोकं मीच भरतो, आणि बर्फ संपायच्या आत ते तुला उघडावंच लागतं. मला टाळता येतं तुला. खोक्याला नाही.

आता जे घडलं ते पुन्हा सांगतो. तुला माहीत आहे, मान्य. पण तू जी हकिगत डोक्यात घेऊन विमानात बसलीस ती माझी नव्हे.

ऐन विशीत ज्यांच्या पायांतली ताकद जायला लागते, स्नायू गळायला लागतात, अशा माणसांवर तुझं काम. त्यांच्या रक्तात एक ठरावीक प्रथिन नसतं. निरोगी माणसाच्या रक्तात असतं. ब्लॉट केला, म्हणजे प्रत्येक नमुना आपापल्या लेनमध्ये सोडून त्यातली प्रथिनं पडद्यावर उतरवली, की प्रथिन असेल तिथे काळी पट्टी दिसते, नसेल तिथे काही नाही. एवढ्या साध्या गोष्टीवर तुझा प्रबंध उभा होता, परदेशातली नेमणूक उभी होती, आणि रक्त तपासून या आजाराचं निदान करणारी ती चाचणीही.

पण रुग्णांच्या शेजारी लावायला निरोगी माणूस लागतो. तो कुठून आणायचा? आपल्याकडे त्याची पाळी असते. फळ्यावर नाव लिहिलं की त्या आठवड्याचे निरोगी आपण. रक्त द्यायचं आणि वर फुकटचा चहा प्यायचा. त्या आठवड्यात फळ्यावर मी होतो. नर्सबाई रजेवर होत्या, म्हणून सुई तू टोचलीस. अजिबात दुखलं नाही. नंतर कोपराच्या आत कापूस ठेवलास आणि दाबून धरलास. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण शेगडीवर ठेवलेलं पाणी उतू गेलं आणि तरी तू हात काढला नाहीस.

का धरून ठेवलास? खरं तर मला एवढंच विचारायचं आहे. बाकीचं पत्र म्हणजे त्याच्या भोवतीचं थर्मोकोल.

आदल्या दिवशी जिन्यावर, सगळ्यांच्या देखत, मी ‘बघतो कशी जातेस ते’ असं म्हणालो होतो. म्हणालो. माझ्या तोंडाला शिट्टी आहे, झाकण नाही. कुकर हे नाव तूच ठेवलंस, तेव्हा आश्चर्य वाटल्यासारखं करू नकोस. पण म्हणणं वेगळं आणि करणं वेगळं.

पहिल्या तीन लेन रुग्णांच्या. कोऱ्या. तशाच हव्या होत्या. चौथी माझी. तीही कोरी. आणि खाली ती दुसरी पट्टी, जी सगळ्यांच्यात असते, नमुना लेनमध्ये नीट पडलाय की नाही एवढंच जी सांगते, ती चारही लेनमध्ये ठसठशीत. म्हणजे सांडलं, विसरलो, हात कापला, असली एकही पळवाट मला उरली नाही. चौथ्या लेनमध्ये कुणाचं तरी रक्त होतंच. फक्त ते निरोगी माणसाचं वाटत नव्हतं. आणि नळ्यांना हात लावणारा मी एकटा.

तू आरडाओरडा केला असतास तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. तू माझ्याकडे बघितलंस आणि सावकाश म्हणालीस, “रुग्णाचा नमुना घातलास ना तुझ्या जागी?”

मी स्टुलाला लाथ मारली आणि निघून गेलो, थंड खोलीचं दार उघडं टाकून. निष्पाप माणूस असाच वागतो. पण ते कुणाला कळणार?

दुसऱ्या दिवशी आपल्या लॅबच्या मॅडमनी स्वतःचं रक्त दिलं. त्यांची पट्टी आली. ज्या बाईला अख्खी लॅब उणे ऐंशी म्हणते, कारण उणे ऐंशी अंशांचा तो फ्रीजर तरी अधूनमधून दाराशी घाम गाळतो आणि या कधीच नाही, त्या बाईच्या रक्तात सगळं काही होतं, आणि माझ्या रक्तात काही नाही. झालं. मी नमुने बदलले हे सिद्ध. त्याच आठवड्यात तू गेलीस.

मी बदलले नाहीत. हे मी या पत्रात एकदाच लिहितोय, कारण दोनदा लिहिलं की खोटं वाटतं.

कुकर

ता.क. – मॅडमनी मला काढून टाकलं नाही. का ते त्यांना विचार. आणि इथे मी पगारासाठी आहे, त्यात तुझा काही संबंध नाही. कॉलेज सोडल्यावर माणसाला कुठेतरी कामाला लागावंच लागतं, ती जागा तू ज्या लॅबमध्ये होतीस तीच निघाली, याला मी काय करू?


६ फेब्रुवारी

शहाणे,

उत्तर नाही. ठीक आहे. खोकं पोचल्याची पावती मात्र व्यवस्थित आली, तुझ्या सहीची. सहीत तो शेवटचा फराटा अजून तसाच ओढतेस.

महिनाभर दातओठ खाल्ल्यावर मला एक सोपा उपाय सुचला. स्वतःचं रक्त पुन्हा द्यायचं, पुन्हा ब्लॉट करायचा, पट्टी येणार, तिचा फोटो काढायचा आणि तुझ्या खोक्यात सगळ्यात वर ठेवायचा. शब्दसुद्धा लिहायचा नाही. नुसती पट्टी. माझी, काळी, जाड.

नर्सबाईंना साक्षीला बसवलं. नळीवर नाव त्यांच्यासमोर लिहिलं. त्या म्हणाल्या, “अरे, मी काय करते इथे बसून, मला माझी कामं नाहीत का?” मी म्हटलं, बाई, माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, इज्जत असती तर लोकांच्या स्टुलांना लाथा घातल्या नसत्यास. तरी बसल्या. विणकाम घेऊन.

मी किती जीव ओतून केलं असेल सांग. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या, फोडल्या, उकळल्या. जेलमध्ये ओतताना श्वास रोखला. वीज लावली, प्रथिनं आपापल्या वजनाप्रमाणे खाली सरकली, मग ती कागदासारख्या पडद्यावर उतरवली. त्या पडद्याला दुधाची पावडर कालवून आंघोळ घातली. आपल्या चहाला दूध कधी नसतं पण त्याला रोज असतं. मग तुझी ती लाडकी अँटिबॉडी, जिच्या नळीला माझा हात लागला तरी तू ओरडायचीस. हवं ते प्रथिन हुडकून त्याला चिकटायचं, एवढंच तिचं काम. मग दुसरी, चमकवणारी. सगळं तू शिकवलंस तसं. थंड खोलीचं दारसुद्धा नीट लावलं, उचलून आणि ढकलून.

स्क्रीन लागला.

मॅडमच्या लेनमध्ये पट्टी. माझ्या लेनमध्ये काही नाही.

मी खुर्चीवरून उठलो नाही. शिट्टी नाही, वाफ नाही, काही नाही. नर्सबाईंनी सुया थांबवल्या आणि विचारलं, “आलं का?” मी म्हटलं, हो, आलं. त्या गेल्या.

म्हणजे बघ माझी तऱ्हा. निर्दोष असल्याचा पुरावा तयार करायला बसलो आणि हाताने स्वतःच्याच गळ्यात फास अडकवून उठलो. हा फोटो तुला पाठवला तर तू म्हणणार, पुन्हा केलंस. न पाठवला तर काहीच म्हणणार नाहीस, जे तू तसंही करतेच आहेस.

मग दुसराच किडा डोक्यात शिरला. नमुना माझाच आहे. प्रथिन नाही. याचा अर्थ मी आजारी आहे. मीही नुकताच विशीत शिरलेला. रुग्णांचे पाय याच वयात जातात. त्या दिवसापासून मी जिना धावत चढतो, पाय दुखतात का बघतो, आणि अर्थातच दुखतात, कारण मी दिवसभर जिना धावत चढतो. शेवटी डॉक्टर गाठला. त्याने मला उठवलं, बसवलं, टाचांवर चालवलं, एका पायावर उड्या मारायला लावल्या आणि म्हणाला, “तुम्हाला काय होतंय नक्की?” मी म्हटलं, माझ्यात एक प्रथिन नाही. तो म्हणाला, “तुमच्यात जास्त आहे असं मला वाटतं. घरी जा.”

तर आता अशी अवस्था आहे: डॉक्टरच्या लेखी मी घोडा, ब्लॉटच्या लेखी रुग्ण, तुझ्या लेखी चोर. तुझ्या लॅबच्या वेबसाइटवर फोटो पाहिला. तुझ्या शेजारी तो उंच माणूस कोण, हे मी विचारणार नाही. त्याची पट्टी येत असेल.

कुकर


५ मार्च

शहाणे,

तुझं उत्तर आलं. रिकामं खोकं परत आलं आणि त्यात चिकटपट्टीवर तुझं अक्षर: “खोक्यात पत्रं टाकू नकोस. इथे ती नमुने हाताळायच्या सूचना समजून फाइलला लावली जातात.”

मी ती ओळ वाचून किती वेळ हसलो ते तुला सांगत नाही, कारण मी रागावलेलो आहे. पण तिकडच्या कुणाला आपली भाषा येत नाही हे कळल्यावर आता मी अधिक मोकळेपणाने लिहीन. फाइलवाल्यांना सांग, ही तिसरी सूचना. महत्त्वाची आहे, आणि या वेळी खरोखरच नमुन्यांबद्दल आहे.

तो कोरा फोटो मी कचऱ्यात टाकला होता. मॅडमनी तिथून काढला. त्या कचराही बघतात हे मला ठाऊक नव्हतं. मला बोलावलं. मला वाटलं, आता खरंच नारळ. त्या मात्र फोटो खिडकीशी धरून म्हणाल्या, “हे तुझंच रक्त? नर्सबाई सांगतात, त्या समोर होत्या.”

हो म्हटलं.

“मग मला आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही विचारलं नाही. आधी तर तुम्ही सगळे मला चोर ठरवून मोकळे झालात.”

“मी चोर म्हटलं नव्हतं. मी काहीच म्हटलं नव्हतं.”

“तेच तर.”

उणे ऐंशीच्या तोंडावर काहीतरी हललं. मग त्यांनी मला बसायला सांगितलं आणि जे सांगितलं ते मी त्यांच्या शब्दांत लिहितो, म्हणजे तू माझ्यावर खापर फोडणार नाहीस.

“अँटिबॉडी म्हणजे तुला काय वाटतं, ती अख्खं प्रथिन न्याहाळते? तिला एवढा चिमूटभर तुकडा ओळखता येतो. माणसाला नुसत्या नाकावरून ओळखावं तसं. जनुकात एखादं अक्षर बदललं आणि तो बदल नेमका नाकावर आला, तर माणूस समोर उभा असला तरी ती म्हणणार, इथे कुणी नाही. प्रथिन असेल तुझ्यात. कामही करत असेल, नाहीतर जिना कसा चढतोस दिवसभर, मी बघते. फक्त तिला तू दिसत नाहीस.”

मी म्हटलं, “हे मला नवीन नाही, मॅडम.”

त्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या टोकाला चिकटणारी एक अँटिबॉडी फ्रीजरच्या तळाशी पडून होती, बर्फात रुतलेली. मीच खणून काढली. ब्लॉट या वेळी मॅडमनी केला, स्वतःच्या हाताने, आणि मला फक्त दूध कालवायला दिलं. स्क्रीनसमोर मात्र दोघं उभे होतो.

शहाणे, आली. चौथ्या लेनमध्ये, जिथे यायला हवी तिथेच, जितकी जाड हवी तितकीच. मॅडमच्या पट्टीच्या शेजारी माझी पट्टी. कुणी शेजारी ठेवून बघितलं तर सांगता येणार नाही कुणाची कुठली. मी इतका वेळ तिच्याकडे बघत राहिलो की स्क्रीन आपोआप विझला.

आणखी एक. रुग्णांच्या दोन लेन या अँटिबॉडीलाही कोऱ्याच. पण तिसऱ्या रुग्णाच्या लेनमध्ये बरीच खाली, भलत्याच ठिकाणी, एक फिकट बारीक पट्टी होती. मॅडम म्हणाल्या, याच्यात बदल वेगळा आहे. प्रथिन तयार व्हायला लागतं आणि मधेच थांबतं, म्हणून तुकडा आखूड. तुझी ती लाडकी अँटिबॉडी शेवटच्या टोकाला चिकटणारी, म्हणून तिला हा तुकडा कधी दिसलाच नाही. असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, “बोला. मधेच सोडलेल्यांबद्दल बोला. कॉलेजवरून बोला.”

“मी प्रथिनाबद्दल बोलतेय,” त्या म्हणाल्या. “सगळं काय तुझ्याबद्दल असतं का?”

तर हा फोटो. सोबत आहे, पिशवीत घालून. यावर तरी म्हणशील का काही? मी कापसाचं विचारलं होतं तेही अजून शिल्लक आहे.

कुकर


२ एप्रिल

शहाणे,

तुझा निरोप मॅडमकडे आला, माझ्याकडे नाही. “एका ब्लॉटवर विश्वास ठेवता येणार नाही. अँटिबॉडी जुनी आहे. नमुना कुणी हाताळला?” नमुना कुणी हाताळला! हे उद्गारचिन्ह मी जपून ठेवलं होतं, ते इथे खर्च केलं.

राग येण्यासारखी गोष्ट अशी की मॅडमना तुझं म्हणणं पटलं. म्हणाल्या, तिने विचारायलाच हवं, मी शिकवलंय तिला. मग माझं ते जनुक वाचायला पाठवलं. वाचून आलं: एक अक्षर बदललेलं, बरोबर त्या चिमूटभर जागेत. आणि दोन्ही प्रतींमध्ये. एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. म्हणजे त्या दोघांत प्रत्येकी एक प्रत बदललेली आणि एक धड असावी, आणि तुझ्या अँटिबॉडीने त्यांची पट्टी निम्मी, फिकट यायला हवी. तशी आली तर विषय संपला. नमुना कुणीही हाताळो.

म्हणजे बाबांकडे जायचं.

तुला माहीत आहे, कॉलेज सोडलं तेव्हापासून आम्ही एका घरात राहून आईमार्फत बोलतो. ‘त्याला सांग, नळ बंद कर.’ ‘त्यांना सांग, केलाय.’ आई मधे उभी राहून दोन्हीकडे सांगते, कंटाळते, आणि शेवटी नळ स्वतः बंद करते. त्या दिवशी मी थेट त्यांच्या शिवणाच्या दुकानात गेलो. बाबा मशीनवर वाकून कुणाच्या तरी पँटची कंबर ढिली करत होते. मी म्हटलं, “तुमचं रक्त हवंय.”

त्यांनी पायाने मशीन थांबवलं. चष्म्यावरून बघितलं. “आणखी? इतकी वर्षं काय पीत होतास?”

मी सगळं सांगितलं. प्रथिन, लेन, अक्षर, नाक. तुझ्याबद्दल नाही सांगितलं. म्हटलं, लॅबमध्ये माझ्यावर आळ आलाय. ते ऐकत होते की टाके मोजत होते कळेना. शेवटी विचारलं, “म्हणजे तू काही खराब केलं नव्हतंस?”

“नाही.”

“मग आम्ही केलं होतं?”

“कुणीच नाही, बाबा. ते जन्मतःच आहे. त्याने काही होत नाही. फक्त एका अँटिबॉडीला मी दिसत नाही.”

“हे त्या मुलीसाठी चाललंय,” बाबा म्हणाले. तो प्रश्न नव्हता. त्यांनी दोरा तोडला, पँटची घडी घातली आणि शर्टाची बाही वर करत म्हणाले, “चल. मग तुझी आई म्हणेल, मला का नाही विचारलं. तिलाही घे.”

लॅबमध्ये दोघं शेजारी शेजारी बसले. नर्सबाईंनी आईला विचारलं, तुमचं आणि यांचं लग्नाआधीचं काही नातं? आई म्हणाली, लांबचं. बाबा म्हणाले, फारच लांबचं. भांडण झालं की दोघंही ते साफ नाकारतात, पण ब्लॉटवर नाकारता येत नाही. पट्ट्या आल्या. आईची फिकट, बाबांची फिकट, शेजारी मॅडमची गडद, आणि माझी कोरी. एखाद्या घरातल्या माणसांना उंचीप्रमाणे उभं करून फोटो काढावा तसा दिसत होता तो पडदा. बाबांनी स्क्रीनकडे बोट करून विचारलं, “हा कोरा तू?” मी हो म्हटलं. “बरं,” ते म्हणाले. घरी जाताना नळाचं थेट मला सांगितलं.

आता नीट वाच, कारण इथून पुढे माझ्यासाठी लिहीत नाहीये.

तू जी चाचणी तिकडे तयार करतेयस ती त्याच एका अँटिबॉडीवर उभी आहे. पट्टी नाही म्हणजे आजार. उद्या माझ्यासारखा कुणी, पाय दुखतात म्हणून येईल. जिना जास्त चढला असेल बिचारा. तुझी चाचणी त्याला सांगेल, हळूहळू तुझं चालणं बंद होणार. तो कॉलेज सोडेल, लग्न मोडेल, आईबाप रडतील. आणि त्याला काहीही झालेलं नसेल. मी तो किडा डोक्यात घेऊन राहिलोय, शहाणे. फार वाईट असतो. आणि माझ्याकडे निदान उणे ऐंशी होत्या.

मी चोर ठरलो तर तुझी चाचणी शाबूत राहते. मी खरा ठरलो तर ती आज आहे तशी चालणार नाही, आणि तुझं तिकडचं कसं व्हायचं मला ठाऊक नाही. तू इतके दिवस उत्तर का देत नव्हतीस ते हे लिहिताना मला समजलं. की नाही? की मी पुन्हा सगळं माझ्याबद्दल समजतोय?

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस हवं तर. पट्ट्यांवर ठेव.

कुकर


७ मे

शहाणे,

या वेळी खरंखुरं पत्र आलं तुझं. पाकिटात. माझं नाव घालून. ते उघडायच्या आधी मी हात धुतले. हसू नकोस.

तू लिहिलंयस: “चाचणी थांबवली आहे. दोन टोकांच्या दोन अँटिबॉडी आणि जनुकाचं वाचन, या तिन्हीशिवाय निदान द्यायचं नाही असं इथल्या वरिष्ठांना लिहून दिलं. माझं वर्ष वाया गेलं. नमुने तू बदलले नव्हतेस हे मॅडमना आणि तिथल्या सगळ्यांना कळवलं आहे. तुझं म्हणणं खरं निघालं. मला त्याचा आनंद झालेला नाही, पण खरं निघालं.”

वाचून मला वाटलं होतं मी नाचेन. नाचलो नाही. तुझं वर्ष, हे मात्र टोचत राहिलं. तू माझ्या पट्ट्यांचं प्रकरण गिळून टाकू शकली असतीस, माझ्या बाजूने कोण होतं तिथे ओरडायला? नाही गिळलंस. म्हणूनच मी... जाऊ दे. ते वाक्य फाइलला लागायला नको.

मग खाली: “नव्या चाचणीसाठी तुझा नमुना लागेल. निरोगी, पण पहिल्या अँटिबॉडीला न दिसणारा. पाच मिली पुरे. संमतीपत्र सोबत आहे.”

पाच मिली! मी तुझ्यासाठी जीव द्यायला बसलो होतो आणि तुला पाच मिली पुरे. बाबांना सांगितलं तर ते मशीनवरून खाली पडायच्या बेतात आले. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आणि सगळ्यात शेवटी, सहीच्याही खाली, घाईघाईत लिहिल्यासारखं: “कापूस धरून ठेवला कारण रक्त थांबत नव्हतं. तुझं लवकर थांबत नाही. थंड खोलीचं दार नीट लावत जा.”

बरं. मिळालं उत्तर. चार महिने विचारत होतो, मिळालं.

मी नोकरी सोडतोय. आज सकाळी मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. “हेही अर्धवट?”

“नाही मॅडम. हे पूर्ण झालं.”

त्यांनी विचारलं, कॉलेजचं काय. मी म्हटलं, बघतो. त्या म्हणाल्या, बघू नकोस, जा. मग फ्रीजरमधलं काहीतरी शोधायचं निमित्त करून पाठ वळवली आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. थंडीने असेल.

दुपारी नर्सबाईंनी रक्त काढलं, तुझे पाच मिली. विणकाम मांडीवरच होतं. सुई काढली, कापूस टेकवला आणि लगेच उचलला. मी म्हटलं, बाई, नीट दाबून धरा, माझं रक्त लवकर थांबत नाही.

“कोणी सांगितलं?” त्या म्हणाल्या. “बघ की. थांबलंय.”

मी बघितलं. कोपराच्या आत एक लालसर ठिपका होता, सुईएवढा. कोरडा.

मागच्या वेळी आणि त्याच्या मागच्या वेळीही असंच थांबलं होतं म्हणे. त्यांना आठवतं. मला आठवत नव्हतं, कारण मी स्क्रीनच्या चिंतेत होतो.

तुला यावर काही विचारत नाही. आता मी विचारणार नाही. तुझी नळी बर्फात ठेवलीये, उभी, वर नाव लिहून. हे पत्र झाकणाला चिकटवतोय नेहमीच्या जागी. तुझी माणसं फाइलला लावतील, लावू देत. थंड खोलीत एकटाच आहे, बोटं बधिर झालीत, अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळे. खोकं बंद केलं की दिवा मालवतो आणि निघतो. दार उचलून घेतो, खांद्याने ढकलतो, आणि कडी बसल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच थांबतो.